पळ की थांब, हे तिला ठरवू द्या

सॉफ्टबॉल हा ओरडण्याचाच खेळ आहे, पण ओरडायचं ते खेळणाऱ्यांनी. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघी धावत येतात, तेव्हा एकीनं खणखणीत आवाजात ‘माय बॉल’ म्हणायचं आणि दुसरीनं जागीच थांबायचं, नाहीतर दोघी एकमेकींवर आदळतात. शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवला की तो कुठल्या बेसवर फेकायचा, हे मागून कॅचर ओरडून सांगते, कारण सगळं मैदान समोर दिसणारी नऊजणींत ती एकटीच. पहिल्या आणि तिसऱ्या बेसशेजारी आखलेल्या चौकटींत फलंदाजी करणाऱ्या संघाचे प्रशिक्षक उभे असतात आणि धावणारीला ‘थांब’ की ‘पळ’ ते सांगतात. म्हणजे मैदानात आधीच इतके आवाज कामाला लागलेले असतात. त्यात दोरीबाहेरून आईबाबांचे आवाज मिसळले की काय होतं, ते मी गुणलेखकाच्या टेबलावरून बघत आले आहे. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

सतरा वर्षांखालील मुलींचा सामना होता, यवतमाळलाच. एक आऊट झालेला, दुसऱ्या बेसवर एक शिडशिडीत मुलगी. फलंदाजानं चेंडू मध्यभागी उंच मारला. अशा वेळी नियम असा की झेल होईपर्यंत बेसला पाय टेकून राहायचं आणि झेल झाल्यावर, जमत असेल तर, पळायचं. आधीच पळालं आणि झेल झाला, तर मागे परतेपर्यंत चेंडू बेसवर येतो आणि एकाच झेलात दोघी बाद होतात. तिसऱ्या बेसजवळच्या सरांनी दोन्ही तळहात पुढे धरून ‘थांब’ची खूण केली होती. तिनं ती बघितली. पाय बेसवरच होता. तेवढ्यात जाळीमागून आवाज आला, “पय वं, पय! पाह्यतं काय!”

तिनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा जाळीकडे, आणि पळाली. मधल्या क्षेत्ररक्षकानं झेल घेतला, चेंडू दुसऱ्या बेसवर टाकला, डाव संपला. मी वहीत 8-4 लिहिलं. चेंडू आठव्या जागेवरून चौथ्या जागेकडे गेला, दोन बाद, असा त्याचा अर्थ. बाबांच्या आवाजाची नोंद करायला त्या वहीत रकाना नाही, बाद तिच्या नावावर गेली. ती जाळीजवळून ग्लोव्ह घ्यायला गेली, तेव्हा त्याच आवाजानं तिला विचारलं, “काहून पयाली?” तिनं उत्तर दिलं नाही. तुम्हीच सांगितलं म्हणून, असं ती म्हणू शकली असती. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी चारचौघांत वडिलांना असं म्हणत नाही.

ते गृहस्थ वाईट नव्हते. सकाळपासून मैदानावर होते, मुलीसाठी डब्यातून सोललेली मोसंबी घेऊन आले होते, आणि संघातल्या सगळ्या मुलींना त्यांनी ती वाटली. मुलीचा खेळ बघायला कामावरून सुट्टी टाकून येणारा बाप मला फार मोलाचा वाटतो. मी खेळत होते तेव्हा मुलींच्या सामन्याला घरचं कुणी यायचं नाही. मुलगी शॉर्ट्स घालून मैदानात उतरते हेच पुष्कळ घरांत दबक्या आवाजात बोललं जायचं. आज बाप बाइकवर मागे बसवून तिला मैदानावर सोडतो आणि दिवसभर थांबतो. हा बदल मला हवा आहे. म्हणूनच दोरीबाहेरच्या ओरडण्यानं त्याची माती होताना बघवत नाही.

हे ओरडणं येतं कुठून? प्रेमातून येतं, हे खरं आहे, पण नुसत्या प्रेमातून येत नाही. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा. पाऊस आणि भाव दोन्ही हातात नसलेल्या घरांत सरकारी नोकरीच्या शब्दाला किती वजन असतं, ते वेगळं सांगायला नको. मग सहावीतल्या मुलीचा हुकलेला चेंडू बापाला चेंडू दिसत नाही, प्रमाणपत्र हुकल्यासारखं दिसतं. त्या आरक्षणाच्या अटी काटेकोर आहेत, प्रमाणपत्रांची पडताळणी होते, आणि जिल्ह्यातल्या एका सामन्यानं कुणाला नोकरी लागत नाही. पण हे पालकांना शांतपणे बसवून कुणी सांगत नाही. कानोकानी पोहोचतं ते एवढंच की ‘खेळात नोकरी आहे’. त्या अर्धवट माहितीचं ओझं बेसवर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावर येतं.

आणि दुसरं ओझं पंचावर. आपल्याकडे जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभी राहणारी मुलं-मुली बहुधा कालपरवापर्यंत स्वतः खेळणारी असतात. कुणी कॉलेजात, कुणी बी.पी.एड. करतंय. दोन बेसांमधलं अंतर 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. धावणारीचा पाय आणि फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर जवळपास एकदमच पोचतात, आणि पंचानं त्याच क्षणी सेफ की आऊट ते सांगायचं असतं. नियमाचा अर्थ चुकीचा लावला तर त्यावर आक्षेप घेता येतो, पण सेफ-आऊट हा पंचाच्या नजरेचा निर्णय, त्यावर दाद मागता येत नाही. प्रशिक्षकालाही नाही. जो हक्क खेळाच्या नियमानं प्रशिक्षकाला दिलेला नाही, तो जाळीमागचा माणूस आपलाच समजून चालतो. ‘डोये फुटले का?’ हे वाक्य मी एकोणीस-वीस वर्षांच्या पंच मुलीला उद्देशून ऐकलं आहे. तिनं पुढच्या चेंडूला हात वर केला तेव्हा बोटं थरथरत होती. अशी मुलगी पुढच्या वर्षी पंच म्हणून येते का, ते बघावं. बहुतेक येत नाही. मग पंच मिळत नाहीत म्हणून आपणच कुरकुर करतो.

हा त्रास एकट्या यवतमाळचा नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या डेप्टफर्ड गावी लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये हेच झालं. पालकांच्या शिवीगाळीला कंटाळून स्वयंसेवक पंच सोडून जायला लागले. 2023 साली तिथल्या मंडळींनी नियम केला की जो पालक पंचाशी हुज्जत घालेल, त्यानं आधी प्रशिक्षण घेऊन तीन सामन्यांत स्वतः पंचगिरी करायची, तोवर मैदानात पाय ठेवायचा नाही. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात अपमान नाही. माणसाला फक्त त्या जागेवर उभं केलं आहे. त्याच देशात, मॅसॅच्युसेट्समधल्या रेडिंग गावी, 2000 साली मुलांच्या आइस हॉकीच्या सरावात धसमुसळा खेळ झाला म्हणून दोन बाप भांडले आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या मारानं मेला. दोघांची मुलं तिथेच होती. मारणारा तुरुंगात गेला. असं टोक आपल्याकडे येईल असं मी म्हणत नाही. पण दोन गावांच्या संघांत अंतिम सामना असला की जाळीमागे बाह्या सरसावलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सामना थांबवून पोरींनीच आपापल्या बापांचे हात धरलेलेही पाहिले आहेत.

टोकियो ऑलिंपिकमधला सॉफ्टबॉल कुणी पाहिला असेल तर आठवा. करोनामुळे ते 2021 साली झालं आणि स्टेडियम रिकामी होती. 21 जुलैला फुकुशिमात जपानचा ऑस्ट्रेलियाशी पहिला सामना झाला, 27 जुलैला अंतिम फेरीत जपाननं अमेरिकेला 2-0 हरवलं. प्रेक्षक नसल्यामुळे टीव्हीवरही मैदानातल्या हाका ऐकू येत होत्या. कोण कुणाला काय सांगतंय, कॅचर कशी सगळ्यांना जागेवर लावतेय, डगआऊटमधून एकमेकींना कसा धीर दिला जातोय. मला प्रेक्षकांशिवायचा खेळ नको आहे, भरलेलं मैदान कुणाला नको असतं? पण या खेळाचं निम्मं कौशल्य हाकांत आहे, हे त्या रिकाम्या स्टेडियमनं दाखवलं. हाक ऐकूच गेली नाही तर ती शिकायची कशी? लॉस एंजेलिसच्या 2028 सालच्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आहे, आणि तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. आपल्या पोरी तिथे जातील की नाही, माहीत नाही. निदान आपली कॅचर आपल्या शॉर्टस्टॉपला ऐकू यावी.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिनं आईला मारलेली मिठी घराघरात पाहिली गेली. बुद्धिबळाच्या स्पर्धांत पालक मुलाच्या पटाशेजारी उभे राहत नाहीत, त्यांना बाहेर थांबावं लागतं, मुलं अगदी सात-आठ वर्षांची असली तरी. चाल मुलानं स्वतः शोधायची, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलावर पटापुढे विश्वास टाकता येतो, तर सोळा वर्षांच्या मुलीवर दुसऱ्या बेसवर का टाकता येऊ नये?

आता ज्यांच्यासाठी कुणीच ओरडत नाही, त्यांच्याबद्दल. उमरखेडकडून, घाटंजी-पांढरकवड्याच्या आतल्या गावांतून, आश्रमशाळांतून संघ येतात. उमरखेड यवतमाळपासून शंभर किलोमीटरहून लांब. पी.टी. सर भल्या पहाटे पोरींना गाडीत कोंबून आणतात. स्पर्धा बऱ्याचदा नेमक्या सोयाबीन सोंगणीच्या सुमारास येतात. त्या मुलींचे आईवडील शेतात असतात, बरेचसे दुसऱ्याच्या शेतात. एका दिवसाची मजुरी सोडून सामना बघायला येणं त्यांना परवडत नाही. या पोरींकडे सगळ्यांपुरते ग्लोव्ह नसतात, डाव बदलला की समोरच्या संघाच्या मुली मैदानातून येता येता आपले ग्लोव्ह त्यांच्या हातात देतात. हे देणं-घेणं इतक्या सहज चालतं की बघत राहावं. आणि त्याच वेळी त्या ग्लोव्ह देणाऱ्या मुलींचे पालक जाळीमागून ‘हे काय खेळतात, याइले तर आपून दहानं हरवू’ असं म्हणत असतात. ऐकायला जातं ते सगळं. एका आश्रमशाळेच्या पिचरनं सलग तिघींना स्ट्राइकआऊट केलं आणि मैदानात शुकशुकाट होता, कारण टाळ्या वाजवणारे सगळे दुसऱ्या बाजूचे. तिच्या सरांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी टेबलावरून उठून मीही वाजवल्या. गुणलेखकानं कुठल्याही बाजूच्या टाळ्या वाजवायच्या नसतात, हे ठाऊक असूनही वाजवल्या, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वाजवीन.

परतीच्या वाटेचं मात्र मला फक्त ऐकून माहीत आहे. मुली सांगतात. बाइकवर मागे बसायचं आणि पुढून गावापर्यंत सामना पुन्हा चालू असतो. तो चेंडू का सोडला, ती अशी का पळाली, अमक्याची पोरगी बघ. एकीनं मला सांगितलं की हरल्याचं वाईट वाटत नाही, पण हरल्यावर बाबांच्या मागे बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. ती पुढच्या वर्षी खेळायला आली नाही. कारण विचारलं तर अभ्यास, असं घरचे म्हणाले.

तर या हंगामात काही गोष्टी करून पाहाव्यात असं मी आयोजकांना आणि क्रीडा शिक्षकांना सांगितलं आहे, इथेही सांगते. पालकांच्या खुर्च्या जाळीमागून काढून दूर, आऊटफिल्डच्या बाजूला लावाव्यात. तिथून सामना छान दिसतो आणि पिचरच्या कानात बोलता येत नाही. चेंडू खेळात असताना पालकांनी गप्प राहायचं, खेळी संपली की हव्या तेवढ्या टाळ्या, दोन्ही संघांना. सकाळी सामन्याआधी दहा मिनिटं एखाद्या सरांनी पालकांना झेलावर बेस का सोडायचा नाही एवढं तरी समजावून सांगावं. पुष्कळांना नियमच माहीत नसतो, ते क्रिकेटच्या हिशोबानं ओरडतात. सवलतीच्या गुणांचं आणि आरक्षणाचं नेमकं काय आहे, तेही तिथेच सांगावं. आणि ज्यांना हातपाय हलवल्याशिवाय राहवत नाही, अशा आईबाबांना काम द्यावं.

काम भरपूर आहे. सकाळी सव्वासहाला फक्कीची गोणी उघडते, बेसच्या रेषा आणि पिचरचं वर्तुळ आखायला दोन माणसं कमीच पडतात. पाण्याचे जार उचलायचे असतात. माझ्या टेबलावर दुसरी वही रिकामी पडलेली असते, शेजारी बसून नोंदी शिकायला अर्धा तास लागतो. गेल्या हंगामात एक आई अशीच येऊन बसली. पहिल्या डावात तिनं मला प्रत्येक चेंडूला विचारलं, तिसऱ्या डावात माझी एक नोंद तिनं दुरुस्त केली, आणि तिची लेक बाद झाली तेव्हा मान वर न करता तिनं 6-3 लिहिलं. यंदा तिला पूर्ण सामना द्यायचा विचार आहे. आणखी दोघं-तिघं आले तर वह्या मी आणते.