मॅक्लॅचीचा समभाग का कोसळला?

पारंपरिक वृत्तपत्र कंपनीचा समभाग घसरला की दोष इंटरनेटला दिला जातो. अमेरिकेतील मॅक्लॅची समूहाचा अनुभव मात्र कर्जाकडेही बोट दाखवतो.

२००६ मध्ये या समूहाने आपल्याहून मोठी असलेली नाइट रिडर ही कंपनी साडेचार अब्ज डॉलरना विकत घेतली आणि तिचे सुमारे दोन अब्जांचे कर्जही अंगावर घेतले. तेव्हा मॅक्लॅचीचा समभाग पन्नास डॉलरच्या आसपास होता. पुढे छोट्या जाहिराती संकेतस्थळांकडे वळल्या आणि कॅलिफोर्निया व फ्लोरिडातील घरांचा बाजार कोसळला. समूहाची महत्त्वाची दैनिके नेमकी याच राज्यांत होती. २००९ मध्ये समभाग एका डॉलरच्याही खाली गेला.

उत्पन्न आटले, तरी व्याज थांबले नाही. नोकरकपात झाली; २०११ मध्ये ‘मायामी हेरल्ड’ची खाडीकाठची जागा २३.६ कोटी डॉलरना विकली गेली. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये समूहाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि चॅटम या हेज फंडाने तो ३१.२ कोटी डॉलरना घेतला. भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही. हजारो कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार सरकारी विमा महामंडळावर गेला.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चा समभागही फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच्या रविवारच्या अंकाहून स्वस्त झाला होता. कार्लोस स्लिम यांच्याकडून १४ टक्के व्याजाने घेतलेले २५ कोटी डॉलर मात्र कंपनीने २०११ मध्येच, मुदतीपूर्वी फेडले. त्याच वर्षी तिने डिजिटल वर्गणी सुरू केली. आज वर्गणीदार एक कोटीहून अधिक आहेत. अर्थात, जगभर वाचक असलेल्या दैनिकाला जे साधले, ते एका शहरापुरत्या दैनिकाला साधेलच असे नाही.

पत्रकारितेचा कस समभागाच्या भावात उतरत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मायामी हेरल्ड’च्या वृत्तमालिकेने जेफ्री एपस्टीन प्रकरण पुन्हा ऐरणीवर आणले. पुढच्या जुलैत त्याला अटक झाली आणि कामगारमंत्री अलेक्झांडर अकोस्टा यांना पद सोडावे लागले. त्यानंतर सात महिन्यांत मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. बाजाराने मोजली ती कर्ज फेडण्याची ऐपत. अशा बातमीदारीला मुकण्याची किंमत त्या हिशेबात कुठेच नव्हती. ती शहरांनाच मोजावी लागते.