‘सोमवारी या’ म्हणजे काय, कळतं का साहेब?

परवा ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर एक मावशी उभ्या होत्या. मुलाच्या क्लोझापीनच्या गोळ्या हव्या होत्या. आतून उत्तर आलं, "साठा संपलाय. सोमवारी या, नाहीतर बाहेरून घ्या." वार होता बुधवार.

मंडळी, ही काय सर्दीची गोळी आहे? क्लोझापीनचा दोन दिवसांहून जास्त खाडा पडला तर जुना डोस तसाच सुरू करता येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत न्यावा लागतो. म्हणजे सोमवारी गोळ्या मिळाल्या तरी पोरगा कित्येक दिवस मागे गेला. मधल्या काळात आजार उलटला की गल्ली म्हणणार, वारं लागलंय, देवर्ष्याकडे न्या!

आणि ही गोळी कुणाला देतात? स्किझोफ्रेनियात दोन औषधं देऊन गुण आला नाही त्यांना. 1975 मध्ये फिनलंडमध्ये हिच्यामुळे पांढऱ्या पेशी घटून 8 रुग्ण दगावले, तेव्हा ती जवळपास बादच झाली होती. पण 1988 साली अमेरिकेतल्या चाचणीचे आकडे आले. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी 30 टक्के रुग्ण सहा आठवड्यांत सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्के. म्हणून ती परत आली, नियमित रक्त तपासणीच्या अटीवर. त्या मावशी सुरुवातीचे महिने दर आठवड्याला मुलाला सीबीसीसाठी एसटीने आणत होत्या. त्यांनी त्यांचं काम केलं. तुम्ही?

मी विचारलं तर म्हणे, "या औषधाला मागणी नाही, पेशंट दोन-चारच." अहो, दोन-चारच आहेत तर त्यांच्या महिनाभराच्या गोळ्या बाजूला काढून ठेवणं सोपंच की!

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे: अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सगळीकडे, कायम आणि मोफत. क्लोझापीन राष्ट्रीय यादीत आहे. ‘कायम’मध्ये बुधवार येत नाही का?

उद्या माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. गेल्या वर्षभरात ही गोळी किती दिवस नव्हती, साठा नोंदवही दाखवा. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी इनबॉक्समध्ये तारखा कळवा, नाव कुठेही येणार नाही. आणि खाडा पडला असेल तर गोळी परस्पर सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.