चार एकरांचा मळा आणि दारांतला ट्रॅक्टर

दसरा-पाडवा जवळ आला, कीं घरोघरीं नव्या वस्तूंच्या खरेदीचा विचार सुरू होतो. ज्या कुटुंबांचा गांवाकडे वडिलोपार्जित वाडा व त्यालगत तीन-चार एकर जमीन आहे, त्यांच्या बोलण्यांत अलीकडे एक नवा विषय येऊं लागला आहे : गवत कापण्याचें यंत्र घ्यावें, कीं एकदम लहानसा ट्रॅक्टरच घ्यावा? एक भाऊ पुण्यास, दुसरा नागपुरास, पुतण्या परदेशीं. गांवीं राहतात ते काका-काकू. पावसाळ्यांत वाड्याभोंवतीं कमरेइतकें गवत माजतें, तें कापावयास माणूस वेळेवर मिळत नाहीं. मग सर्वांनीं वर्गणी करून काय तें यंत्र घेऊन टाकावें, असा ठराव होतो. प्रश्न साधा दिसतो. पण त्यांत लाखांची रक्कम, राबणाऱ्यांचे हातपाय आणि घरांतील सलोखा, अशा तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून या वेळीं त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल यवतमाळ जिल्हा घेतला आहे; कारण माळ आणि खोरें, मुरूम आणि काळी माती, हे दोन्ही प्रकार तेथें एकाच जिल्ह्यांत सांपडतात.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, मळ्यांतलें गवत कापणें आणि बंगल्यापुढील हिरवळ राखणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. हिरवळ कातरण्याचें यंत्र १८३० सालीं इंग्लंडांत स्ट्राउड येथील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें शोधून काढिलें. त्या भागांत लोंकरी कापडाच्या गिरण्या होत्या; कापडावर उठलेली लव एकसारखी कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र असे, त्यावरून बडिंगला ही कल्पना सुचली. म्हणजे हें यंत्र मुळांतच सपाट जमिनीवरील आंखूड, मऊ लवेसाठीं आहे. अंगणापुढें दोन-चार गुंठे हरळी हौसेनें जोपासली असेल, तर त्याचा उपयोग खरा. श्रावणांत गुडघ्याच्या वर गेलेल्या आणि पोटांत दगड-काटक्या लपविलेल्या गवतांत तें घालणें म्हणजे वस्तऱ्यानें लांकूड फोडण्यासारखें आहे.

मग आपल्याकडे गवत कोणतें आहे? सरसकट ‘गवत’ म्हणून चालत नाहीं. मारवेल हें उत्तम चाऱ्याचें गवत. तें फुलावर येतांच कापून गाई-म्हशींना घालावें. कुसळीचें बीं पिकलें, कीं तिचीं कुसळें कपड्यांत, कातड्यांत आणि जनावरांच्या तोंडांत रुततात. म्हणून ती कुसळें धरण्यापूर्वींच कापली पाहिजे. हरळी आणि कुंदा यांचें मर्म जमिनीखालीं असतें. त्यांवर ओल असतांना रोटाव्हेटर फिरविला, तर मुळ्यांचे व कांड्यांचे तुकडे होतात व त्यांतून नवे कोंब फुटतात; पैसे देऊन गवताची लागवड केल्यासारखेंच तें होतें. तेथें उन्हाळ्यांत खोल नांगरट करून, ढेकळें तापूं देऊन, काशा वेंचून काढणें हाच जुना उपाय खरा. गाजरगवत १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यास आढळलें आणि पुढें देशभर पसरलें. त्याच्या संसर्गानें अंगास खाज सुटते व कित्येकांस दमा होतो. तें बुडापाशीं कापल्यास पुन्हां फुटतें. यासाठीं फुलावर येण्यापूर्वीं, हातांत मोजे घालून, मुळासकट उपटावें. अशा रीतीनें पाहतां जेथें खरोखर यंत्रानें कापावयाचें, असें क्षेत्र चार एकरांतून दीड-दोन एकरच उरतें.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. यवतमाळ शहराच्या आसपासचा प्रदेश उंच माळाचा. तेथें मुरमाड, हलकी जमीन व दगडगोटे फार. वणीच्या बाजूस वर्धा नदीच्या खोऱ्यांत आणि उमरखेडकडे पैनगंगेच्या कांठीं काळी कापसाची जमीन. या काळ्या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यांत हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यांत एक पाय काढावा तों दुसरा रुततो. जोंवर वाफसा येत नाहीं, तोंवर अशा वावरांत जड यंत्र घालूं नये, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. चाक रुततें हा एक तोटा. त्याहून मोठा तोटा म्हणजे ओली माती चाकाखालीं दबून घट्ट होते, आणि तिच्यांत पुढच्या पिकाच्या मुळांना वाट मिळत नाहीं.

आतां गंमत पाहा. गवत जोरानें वाढतें तें आषाढ-श्रावणांत, जेव्हां जमीन ओली असते. आणि ट्रॅक्टर निर्धास्त चालावा अशी जमीन होते ती दसऱ्यानंतर, जेव्हां गवत वाळूं लागलेलें असतें. ज्या दिवसांत कापणीची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत काळ्या जमिनींत ट्रॅक्टर गोठ्यापाशीं उभा राहतो. विक्रेता अश्वशक्तीविषयीं पुष्कळ सांगेल. आपण वजनाविषयीं विचारावें. १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण पाऊण टनाचा, तर ४५ अश्वशक्तीचा दोन टनांच्या घरांतला असतो. माळावरील मुरमाड जमिनींत ही अडचण कमी. पाऊस उघडून दोन दिवस झाले, कीं तेथें चाक फिरूं शकतें. पण तेथें दगड पात्यास लागून उडतात, हें विसरूं नये.

पावसाळ्यांतील निकडीचें काम कोणतें? वाड्यापासून विहिरीपर्यंतची वाट, गोठ्याचा परिसर, परसू, कुंपणाची कड आणि धुरे. नाग, मण्यार, घोणस यांची वस्ती अशाच गवतांत असते. आणि पहांटे गोठ्याकडे जाणारीं पावलें बहुधा घरांतल्या बायकांचीं किंवा गड्याचीं असतात. हें काम ट्रॅक्टरचें नव्हेच. त्यास खांद्यावर अडकविण्याचा ब्रश कटर पुरतो. तो सात ते दहा किलो वजनाचा असतो, चिखलांत माणूस जाईल तेथें जातो, धुऱ्यावर चालतो, झाडांच्या बुंध्यापर्यंत पोंचतो. चार टप्प्यांच्या इंजिनाचा घेतल्यास पेट्रोलमध्यें तेल मिसळण्याची कटकट नाहीं. दोन टप्प्यांचा हलका असतो, परंतु मिश्रणाचें प्रमाण चुकलें, कीं इंजिन बिघडतें. मऊ गवतास नायलॉनची दोरी, जाड गवतास व झुडपांस पोलादी पातें, असा भेद ठेवावा. दाट गवतांत एका माणसाकडून दिवसाकाठीं अर्धा एकर उरकला, तर पुष्कळ झालें असें समजावें. किंमत गुणाप्रमाणें दहा ते तीस-पस्तीस हजार रुपयांच्या दरम्यान असते. घेण्यापूर्वीं मात्र एक चौकशी अवश्य करावी : सुटे भाग आणि दुरुस्ती यवतमाळ, पुसद किंवा वणी येथें मिळते, कीं प्रत्येक वेळीं नागपूर गांठावें लागतें? ऐन श्रावणांत आठ दिवस बंद पडलेलें यंत्र फुकट मिळालें असलें, तरी महागच.

याच्या वरची पायरी पॉवर टिलरची. दोन चाकांचें, मागें चालत हाकावयाचें हें यंत्र आंब्या-लिंबांच्या रांगांमधून उपयोगी पडतें. पण सुक्या, भेगाळलेल्या काळ्या जमिनींत तें हाकणाऱ्याचे खांदे खिळखिळे करतें. त्याच्या वर १५ ते २५ अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर येतात. यांस मागें गवत कापणारा स्लॅशर जोडतां येतो. चार फूट रुंदीचा स्लॅशर ताशीं तीन किलोमीटर गतीनें ओढला, तर वळणें व एकावर एक येणारे पट्टे वजा जातां एका एकरास साधारण दीड तास लागतो. फळझाडांची बाग असेल, तर ट्रॅक्टरची रुंदी व उंची आधीं मोजावी. फांद्यांखालून न जाणारा ट्रॅक्टर बागेंत काय कामाचा?

आतां हिशेब मांडूं. पांच लाखांचा लहान ट्रॅक्टर व स्लॅशर घेतला. दहा वर्षांनीं दीड लाखास विकला, असें धरूं. म्हणजे दरवर्षीं ३५,००० रुपयांची झीज. गुंतलेल्या रकमेची सरासरी सव्वातीन लाख. तीवर नऊ टक्क्यांनीं व्याज २९,२५०. विमा, टायर, तेल, दुरुस्ती यांस १५,००० धरावे. एकूण ७९,२५०. आतां काम किती? दोन एकर गवत, तीन वेळां, म्हणजे नऊ तास. नांगरट, वखरणी, शेणखताची वाहतूक मिळून सढळ हातानें धरलें, तरी वर्षाला चाळीस तास. भागाकार केला, तर डिझेल व चालकाची मजुरी सोडून तासाला जवळजवळ दोन हजार रुपये पडतात. आपल्या गांवांत भाड्याचा ट्रॅक्टर तासाला काय घेतो, तें विचारून ही रक्कम शेजारीं मांडावी. नांगरट आणि कपाशीनंतर पऱ्हाटीचा भुगा करणें हीं कामें वर्षांतून एकदांचीं. तीं भाड्यानेंच करून घेणें शहाणपणाचें. जेथें भाऊबंदांची मिळून वीस-पंचवीस एकर जमीन आहे, किंवा घरांतला एखादा तरुण शेजाऱ्यांची कामें भाड्यानें करून देण्यास तयार आहे, तेथें हेंच गणित उलटें होतें, आणि तेथें ट्रॅक्टर जरूर घ्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु-सेवा कर बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला. शासनाचें अनुदानही आहे. त्यासाठीं महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तेथें पूर्वसंमति मिळण्यापूर्वीं यंत्र घेतलें, तर अनुदान हातचें जातें. अर्ज सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे त्याच्याच नांवानें होतो. म्हणून सामाईक जमीन असल्यास भावांनीं आधीं एकत्र बसून कागदावर ठरवावें कीं, यंत्र कोणाच्या नांवें, खर्च कसा वांटावयाचा आणि वापर कोणी करावयाचा. सवलत मिळते म्हणून नको असलेली वस्तु घेणें, ही काटकसर नव्हे. कर्जाचे हप्ते थकल्यावर घरावर काय गुदरतें, तें यवतमाळ जिल्ह्यास कोणीं सांगावयास नको.

यंत्रापेक्षां स्वस्त म्हणून कित्येक जण तणनाशक फवारण्याचा मार्ग धरतात. परंतु वाड्याभोंवतीं, विहिरीच्या कांठीं, जेथें मुलें खेळतात व जनावरें चरतात, तेथें विषाचा वापर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. २०१७ च्या हंगामांत याच जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. तीं औषधें निराळीं होतीं, हें खरें. पण पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगानें फवारणारा माणूस तोच असतो. ज्या कामास पातें पुरतें, तेथें विष आणूं नये.

मात्र पातें म्हणजे निर्धोक, असेंही नाहीं. ब्रश कटर चालवितांना डोळ्यांस चष्मा, पायांत जाड बूट आणि पोटऱ्यांवर आच्छादन हवेंच. पन्नास फुटांच्या आंत दुसरें माणूस, मूल वा जनावर नसावें. ट्रॅक्टरच्या मागील ज्या दांड्यानें स्लॅशर फिरतो, ती मिनिटाला ५४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचें किंवा उपरण्याचें टोंक तींत सांपडलें, तर ओरडण्यासही अवकाश मिळत नाहीं. दांड्यावरील संरक्षक नळी काढून ठेवण्याची वाईट चाल अनेक ठिकाणीं आहे. ती आपल्या आवारांत चालूं देऊं नये. सुटीवर आलेलीं मुलें ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून फेरी मागतात. काकांनीं तेथें प्रेमानें पण ठाम नकार द्यावा. चष्मा-बूट मालकाच्या पैशांनीं आणि गड्याच्या मापाचे घ्यावे. यंत्राच्या पावतींतच तो खर्च धरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. गांवांतील कित्येक बाया आपल्या शेळ्या-गाईंसाठीं अशा मळ्यांतून विळ्यानें गवत कापून नेतात. यंत्र आलें म्हणून त्यांची वाट बंद करूं नये. मारवेलाचा एक तुकडा त्यांच्यासाठीं राखून ठेवावा. त्यांचा चारा होतो आणि आपली कापणी होते. धुऱ्यांमधील ओल्या वावरांत बैलजोडीचा डवरा अजूनही ट्रॅक्टरपेक्षां लवकर शिरतो. ज्यांच्या दारीं जोडी आहे, त्यांनीं पोळ्याचा मान यंत्रापायीं घालवूं नये.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात, असें सांगतात. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघरीं पोंचला. कारण त्यानें काम केलें. आज भीति उलट दिशेची आहे : दारांत लोखंड उभें राहिलें, कीं प्रगति झाली, असें आपण समजूं लागलों आहों. यवतमाळकडील चार एकरांच्या धन्यास आमचें सांगणें इतकेंच : यंदा ब्रश कटर घ्यावा, विळ्यांना धार लावावी, ट्रॅक्टर भाड्यानें आणावा, आणि एका वहींत वर्षभर तास लिहून ठेवावे. पुढच्या दसऱ्यास ती वही सर्व भावांपुढें उघडावी. तींतील आंकडे ट्रॅक्टर मागत असतील, तर तो आनंदानें आणावा व त्याची पूजा करावी.