दंडावरचा सेन्सर आणि राहून गेलेली रक्ततपासणी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये ‘डेक्सकॉम’ कंपनीच्या ‘स्टेलो’ या ग्लुकोज-सेन्सरला डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीची मुभा दिली. जूनमध्ये ‘अ‍ॅबट’च्या ‘लिंगो’लाही ती मिळाली. तोवर प्रामुख्याने इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी असलेले हे साधन आता निरोगी नोकरदारांच्याही दंडावर दिसू लागले आहे.

आपल्या मंडळींना त्याचे आकर्षण वाटावे, हे अकारण नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, युडकिन यांचा ९.१. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असे नाही. आशियाई वंशाच्या व्यक्तींची मधुमेह-तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच विचारात घ्यावी, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते ते याच धोक्यापायी.

पण सेन्सर म्हणजे ती तपासणी नव्हे. त्वचेखाली शिरणारा केसासारखा तंतू रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली शर्करा मोजतो, आणि तेथील बदल रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. भात खाल्ल्यावर चढलेली रेषा पाहून धास्तावणे आणि सपाट रेषा पाहून निर्धास्त होणे, दोन्ही घाईचेच. निदान आजही प्रयोगशाळेतच होते: उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा एचबीए१सी ६.५ टक्के, यांसारख्या निकषांवर. बाजारात आला तेव्हा ‘स्टेलो’चा महिन्याचा खर्च ९९ डॉलर होता, एचबीए१सी चाचणी पुण्या-मुंबईत काही शे रुपयांत होते. महिनोन्महिने आलेख न्याहाळणाऱ्या कित्येकांची ही साधी चाचणी राहून गेलेली असावी, असा माझा कयास आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. रात्री झोपेत शर्करा घसरली की गजर करणारा सेन्सर त्यांच्यासाठी खरोखर जीवरक्षक ठरतो. ‘स्टेलो’ मात्र त्यांच्यासाठी नाहीच; त्यात तसा गजरच नाही. गावी आई-वडिलांना तो पाठवण्याचा विचार असेल, तर आधी त्यांची औषधे विचारून घ्यावीत.

सुई न टोचता शर्करा सांगण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या तर पाठवूच नयेत. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असे प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केले. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरली, तर काही तासांत मृत्यूही ओढवू शकतो, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले आहे.