ही स्कॉलरशिप नाही भाऊ, डिस्काउंट आहे

बारावीचा निकाल लागला की गिरडच्या पोरांचे मोबाईल वाजायला लागतात. "अभिनंदन! तुमची मेरिट स्कॉलरशिपसाठी निवड झाली आहे. २५ टक्के ट्यूशन फी माफ. ऑफर अमुक तारखेपर्यंतच." फोन करणारी मुलगी गोड बोलते आणि घरात पेढे येतात. यंदाही आले.

म्हणून २०२४ ची गोष्ट सांगतो. आमच्या शेजारची पोरगी, बाप चार एकरवाला, कापूस-सोयाबीन. कुणबी, ओबीसी. २१ मे ला बारावीचा निकाल लागला, पोरगी चांगल्या मार्कांनी पास. आठवड्यात एका खाजगी विद्यापीठाचं पत्र आलं: वर्षाची फी दोन लाख, त्यात २५ टक्के "मेरिट". अट अशी की ५ जूनच्या आत पन्नास हजार भरून सीट पक्की करा, नाहीतर स्कॉलरशिप दुसऱ्याला जाईल. सीईटीचा निकाल लागला १६ जूनला! म्हणजे पोरीला आपली खरी किंमत कळायच्या अकरा दिवस आधी सौदा उरकायचा. बापानं अडत्याकडून उचल करून पैसे भरले. मला विचारलं असतं तर! पण त्यांना वाटलं, "मेरिट म्हणते ना, मंग काहून विचारायचं?"

८ जुलैला राज्य सरकारचा जीआर निघाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅप राउंडमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ५० टक्के होतं. विनाअनुदानित कॉलेजलाही लागू. फक्त कंसात एक ओळ आहे: खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून.

त्या कंसात आमची पोरगी सापडली. तिच्यापेक्षा कमी मार्कांची तिची मैत्रीण कॅपमधून साध्या कॉलेजात गेली, तिची फी शून्य. आणि ही "मेरिट"वाली वर्षाला दीड लाख देणार. चार वर्षांचे सहा लाख. त्यातही दुसऱ्या वर्षी सीजीपीए आठच्या खाली गेला किंवा एक विषय राहिला की सवलत बंद. ही अट पत्राच्या मागच्या बाजूला, बारीक इंग्रजीत. पुढची बाजू मात्र मराठीत आणि रंगीत.

विद्यापीठवाले म्हणतील, पैसा आमचा, सवलत आमची, तारीखही आमची. कबूल. टॉपरला पूर्ण फी माफ करणारेही आहेत, तेही कबूल. पण मग जाहिरातीत "सवलत" लिहा ना! आणि शेवटची तारीख सीईटीच्या निकालानंतर ठेवायला कोणाचा हात धरला आहे? निकालानंतर पोरगं चार कॉलेजं तोलून पाहील, हीच भीती आहे. केंद्राची स्कॉलरशिप बघा: बारावीला बोर्डात ८० परसेंटाईलच्या वर (टक्के नाही, परसेंटाईल!), उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार. पैसे कमी आहेत, पण आधी पैसे भर मग गुण मोजतो असं ती म्हणत नाही. अर्ज प्रवेश झाल्यावर, सगळ्यांना एकच पोर्टल, एकच तारीख.

सरकारलाही सोडत नाही मी. मुलींना मोफत शिक्षण म्हणून फ्लेक्स लागले, पण त्या कंसातली ओळ एकाही फ्लेक्सवर दिसली नाही. समुद्रपूरला उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभ्या बापाला ती कोण सांगणार? ज्युनिअर कॉलेजचे सर? त्यांच्याकडे तर विद्यापीठाचेच माहितीपत्रकांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात.

पोरीचं पुढं काय झालं? प्रवेश रद्द करायला गेलो तर खिडकीवर सांगितलं, "सीटचे पैसे परत मिळत नाहीत." मी यूजीसीचा कागद पुढं केला. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे. मूळ टीसी, मार्कलिस्ट अडकवून ठेवायला तर २०१८ पासूनच मनाई आहे. साहेब आतून बाहेर आले, चहा विचारला. तीन चकरा आणि एक लेखी तक्रार, मग पैसे आले. पोरगी कॅपच्या दुसऱ्या राउंडमध्ये लागली. अडत्याचं व्याज मात्र बापानंच भरलं.

यंदा ज्यांच्या घरी असं पत्र आलं असेल त्यांनी पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी बघा: कॉलेज आहे की खाजगी विद्यापीठ, प्रवेश कॅपमधून आहे का, आणि महाडीबीटीवर त्या संस्थेचं नाव दिसतं का. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. पत्राचा अर्थ लागत नसेल तर दोन्ही बाजूंचा फोटो मला इनबॉक्स करा, मागच्या बाजूचा नक्की. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.