प्लग साफ करू नका, बदला

पेट्रोल गाडी सर्व्हिसला दिली की गॅरेजमध्ये अजूनही हमखास ऐकू येतं, "प्लग साफ करून टाकलेत, वर्षभर बघायला नको." काचकागदावर घासलेला प्लग चकाकतो, मालकाचे पैसे वाचतात, दोघंही खूश. या सवयीला माझा ठाम विरोध आहे. घासल्याने काजळी निघते, झिजलेला धातू परत येत नाही.

झिजेचा हिशेब करून बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर किलोमीटरमागे १,००० ठिणग्या झाल्या. ४० हजार किलोमीटरला चार कोटी! प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा नजरेला न दिसणारा कण उडवते. कडा गोल होतात, गॅप वाढते आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागू लागतं. कॉइलमध्ये तेवढी ताकद राखीव असते, म्हणून कित्येक महिने चालवणाऱ्याला काही कळतच नाही. ताण मात्र कॉइल सोसत राहते, आणि ती जळाली की साध्या प्लगच्या संचावर वाचवलेले पैसे केव्हाच निघून जातात.

त्याहून मोठा फटका पुढे आहे. गाडी मिसिंग करू लागली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतला जाळीदार गाभा वितळू शकतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, तेव्हा नव्या कन्व्हर्टरच्या किमतीचा अंदाज करा. इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर घाटात पाय दाबून गाडी पुढे रेटू नका.

बदलायचे कधी? मॅन्युअलमधला आकडा पाहताना आपल्या गाडीत प्लग कुठल्या धातूचा आहे ते आधी बघा. निकेलचा साधा प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास जातो. इरिडियम २,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतं, म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास इतकं बारीक ठेवता येतं. त्या टोकावर तारेचा ब्रश फिरवणं किंवा गॅप जुळवायला त्यात पट्टी खुपसणं म्हणजे महागडा प्लग हाताने मोडणं. असं करणाऱ्याला तिथेच थांबवा.

दुसरं असं की, किलोमीटरचा आकडा शहरात पुरेसा नाही. हिंजवडीच्या कोंडीत गाडी तासभर आयडलवर उभी राहिली, तर ८०० फेऱ्यांच्या हिशेबाने प्रत्येक प्लगमध्ये २४ हजार ठिणग्या पडतात आणि मीटर जागचा हलत नाही. या ठिणग्या सौम्य असतात हे खरं, पण प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्यावरची काजळी जळत नाही, आणि आयडलवर ते तेवढं तापत नाही. रोज अशा कोंडीत अडकणाऱ्याने मॅन्युअलमधली मुदत संपायची वाट पाहू नये. मी तरी चौथा हिस्सा आधीच बदलायला सांगतो.

सीएनजीवाल्यांनी आणखी आधी. त्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर झिजतो. कंपनीने बसवलेलं किट असेल तर सीएनजीसाठीची मुदत मॅन्युअलमध्ये पाहा. बाहेरून बसवलं असेल तर मॅन्युअलमध्ये फक्त पेट्रोलचा आकडा सापडेल. तो निम्मा धरा, सगळे प्लग एकदम बदला, इंजिन थंड असतानाच काढायला लावा आणि जुने प्लग मागून घेऊन टोकं स्वतः बघा. फिकट तपकिरी असतील तर इंजिन ठीक आहे. तेलाने ओली असतील तर प्लग बदलून भागणार नाही, पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील तपासून घ्यावे लागतील.