सार्वजनिक स्थळीं धूम्रपान आणि व्यक्तिस्वातंत्र्य

सार्वजनिक स्थळीं धूम्रपानास मनाई करणारा कायदा म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला होय, अशी ओरड अद्यापि अधूनमधून ऐकूं येते. स्वातंत्र्याच्या नांवानें केलेली कोणतीही तक्रार आम्ही हलकी लेखीत नाहीं. म्हणूनच तिचा न्यायबुद्धीनें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, 2003 च्या कायद्यानें धूम्रपान हाच गुन्हा ठरविलेला नाहीं. आपल्या घरीं बसून कोणी दिवसभर विड्या ओढल्या, तर सरकार त्याचा हात धरीत नाहीं, व धरूंही नये. मनाई आहे ती कचेरी, आगगाडी, नाटकगृह, उपाहारगृह अशा ठिकाणीं, जेथें हवा सर्वांच्या सामाईक मालकीची असते. ज्यास धूर सोसत नाहीं त्यानें खुशाल उठून जावें, असें कोणी म्हणतील. पण उपाहारगृहांतील नोकरानें, मोटारगाडीच्या कंडक्टरानें, आईच्या कडेवरील तान्ह्या मुलानें उठून जावें तरी कोठें? दुसऱ्याच्या धुरानेंही हृद्रोग व फुप्फुसाचा कर्करोग जडतो, हें वैद्यकशास्त्रानें सिद्ध केलें आहे. मिल्लसाहेबांनीं 1859 सालच्या आपल्या ग्रंथांत स्वातंत्र्याची मर्यादा परपीडेपाशीं आखली. त्या मापानेंही आक्षेपकांचा पक्ष टिकत नाहीं.

आमच्या न्यायासनांनींही हेंच ओळखलें. 1999 मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें व 2001 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें घटनेच्या 21 व्या कलमाच्या, म्हणजे जीविताच्या हक्काच्या, आधारें ही मनाई फर्माविली. अर्थात् ती व्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध नसून त्यांतूनच निघालेली आहे.

मात्र जो कायदा स्वातंत्र्यांतून निघाला, तो सर्वांस सारखा लागला पाहिजे. तीस खोल्यांचें हॉटेल किंवा तीस आसनांचें उपाहारगृह यांस वेगळ्या धूम्रपानकक्षाची सवलत कायद्यानेंच ठेविली. श्रीमंताच्या सिगारेटीस कक्ष आणि हमालाच्या विडीस दोनशें रुपयांपर्यंत दंड, हा भेद आम्हांस पसंत नाहीं. व्यापारी बंधूंसही आमचें एक सांगणें आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून अमलांत आलेल्या नियमांनीं ही जबाबदारी जागेच्या मालकावरही टाकली आहे. भिंतीवर मनाईची पाटी टांगावयाची आणि तिच्याच खालीं रक्षापात्र मांडावयाचें, हा दंभ होय. शिपायाची वाट न पाहतां गिऱ्हाइकास नम्रपणें दार दाखविणें, यांत धंद्याचें नुकसान थोडें व नागरिकत्वाची शोभा मोठी आहे. स्वराज्यांत दुसऱ्याचा श्वास राखणें हें पोलिसांपेक्षां आधीं शेजाऱ्याचें काम आहे.